‘हरकत नाही’ म्हणजे सल्ला नव्हे

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस घरी जायला निघतो तेव्हा त्याच्या हातात डिस्चार्ज कार्ड असतं. त्यावर ॲस्पिरिन असते, रक्त पातळ ठेवणारी आणखी एक गोळी असते, कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन असतं, बहुधा हृदयावरचा ताण कमी करणारा बीटा ब्लॉकर असतो. खाली लिहिलेलं असतं : मीठ कमी करा, तंबाखू सोडा, रोज चाला, अमुक तारखेला दाखवायला या. कार्ड नीट वाचलं तर कळतं की त्यातली प्रत्येक ओळ एकाच प्रश्नाचं उत्तर आहे. पुन्हा झटका येऊ नये म्हणून काय करायचं? या प्रश्नाची जी उत्तरं गेल्या काही दशकांत सापडली, ती सगळी एकेक करून या कागदावर आली. एक तेवढं आलं नाही. लसीची ओळ बहुतेक कार्डांवर नसते.

विचारलं तर? पेशंटची मुलगी निघता निघता विचारते, ‘‘डॉक्टर, बाबांनी फ्लूची लस घेतली तर चालेल का?’’ डॉक्टर कागदावरून मान वर न करता म्हणतात, ‘‘घेऊ देत की. काही हरकत नाही.’’

माझं सगळं भांडण या तीन शब्दांशी आहे. ‘काही हरकत नाही’ ही परवानगी झाली. ती ऐकणाऱ्याला कळतं की लस घेतली तर बिघडणार नाही, आणि न घेतली तरीही बिघडणार नाही. स्टॅटिनबद्दल असं कोणी बोलत नाही. ‘वाटलं तर घ्या, हरकत नाही’ असं म्हणून कोणी क्लोपिडोग्रेल, म्हणजे ती रक्त पातळ ठेवणारी गोळी, लिहून देत नाही. उलट ‘एकही दिवस चुकवायची नाही’ असं दोनदा बजावतात. भाषेतला हा फरक पेशंट अचूक पकडतो. डॉक्टरांनी ज्यावर जोर दिला ते औषध, आणि ज्याला नुसती मान डोलावली ते ऐच्छिक, असं तो ठरवून टाकतो. त्याचं चुकत नाही. चूक जोर न देणाऱ्याची आहे, आणि ती का आहे हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

फ्लू आपल्या डोक्यात नाक-घसा-छातीच्या कप्प्यात बसलेला असतो. हृदय हा वेगळा अवयव, त्याचा विभाग वेगळा, त्याचे डॉक्टर वेगळ्या मजल्यावर बसतात. विषाणूला मात्र हे मजले माहीत नसतात. १८४७ साली लंडनमध्ये इन्फ्लुएन्झाची, म्हणजे फ्लूची, साथ आली तेव्हा विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या नोंदी तपासल्या. इन्फ्लुएन्झाच्या नावावर जेवढे मृत्यू मांडले होते, त्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं त्या आठवड्यांत गेली होती. बाकीचे मृत्यू दुसऱ्या आजारांच्या खात्यावर पडले होते. १९३२ मध्ये अमेरिकेत सेल्विन कॉलिन्सने हाच हिशेब अधिक बारकाईने मांडला आणि दाखवून दिलं की साथीच्या दिवसांत इन्फ्लुएन्झा व न्यूमोनिया सोडून इतर कारणांचे मृत्यूही वाढतात, त्यांत हृदयरोगही आहे. म्हणजे ही गोष्ट आज कळलेली नाही. ती जवळजवळ शंभर वर्षं छापील स्वरूपात पडून आहे.

आजही आपण मोजतो ते तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे हंगामी इन्फ्लुएन्झामुळे दर वर्षी २,९०,००० ते ६,५०,००० माणसं दगावतात. आकड्याच्या शेजारचा शब्द वाचायला हवा : हे श्वसनाच्या विकाराने झालेले मृत्यू आहेत. तापातून उठून चौथ्या दिवशी छातीत कळ आली आणि जो गेला, तो या आकड्यात नाही. त्याचं नाव हृदयरोगाच्या रकान्यात लागतं. नातेवाईकही सांगताना ‘अटॅकने गेले’ एवढंच सांगतात. आधीच्या आठवड्यातला ताप कोणाच्या लक्षात राहत नाही.

तो आठवडा मोजायचं काम कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या संशोधकांनी केलं. २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. प्रयोगशाळेत फ्लू सिद्ध झालेल्या माणसांपैकी ज्यांना तपासणीच्या आधीच्या किंवा नंतरच्या वर्षात हार्ट अटॅकसाठी दाखल करावं लागलं, अशा ३६४ घटना त्यांनी घेतल्या. मग एवढंच पाहिलं की हे ३६४ झटके त्या काळात कसे विखुरलेत. फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत २० झटके होते. उरलेल्या सगळ्या काळात मिळून ३४४, म्हणजे आठवड्याला सरासरी ३.३. धोका सहापट झाला होता.

या पद्धतीतली गंमत अशी की इथे एका माणसाची तुलना दुसऱ्याशी होत नाही. माणूस तोच, त्याची वाईट आठवड्यातली अवस्था आणि एरवीची अवस्था, एवढंच ताडून पाहिलं जातं. तो विड्या ओढत असेल तर दोन्हीकडे ओढतो. त्याला मधुमेह असेल तर दोन्हीकडे आहे. ‘आधीच अशक्त माणसांना फ्लूही होतो आणि अटॅकही येतो’ ही नेहमीची शंका इथे टिकत नाही.

त्याच्याही आधी, २००४ मध्ये, ब्रिटनमधल्या डॉक्टरांकडच्या नोंदींवरून असाच एक अभ्यास झाला होता, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. श्वसनमार्गाच्या तीव्र संसर्गानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत हार्ट अटॅकचा धोका जवळपास पाचपट, पक्षाघाताचा तिपटीहून थोडा जास्त दिसला. याच अभ्यासात त्यांनी लसीनंतरचे दिवसही तपासले. इन्फ्लुएन्झा, धनुर्वात आणि न्यूमोकोकस (न्यूमोनिया घडवणारा जिवाणू) या तिन्ही लसींनंतर धोका वाढलेला दिसला नाही. लस टोचल्यावर अंग दुखतं, कणकण येते, शरीर जागं होतं, हे सगळं खरं. तरी तेवढ्या जागं होण्याने हृदयावर संकट येत नाही, संसर्गाने येतं. ‘लस म्हणजे शरीरात मुद्दाम आजार सोडणं’ असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी उत्तर २००४ पासून तयार आहे.

हे घडतं कसं? हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या भिंतीत चरबीचा आणि पेशींचा थर साठलेला असतो. वर्षानुवर्षं तो गप्प असतो, वर पातळसं झाकण असतं. संसर्ग झाला की शरीरभर दाह उसळतो आणि त्या थरात आधीच दबा धरून बसलेल्या पेशीही चेकाळतात. झाकण कमजोर होतं, फाटतं. त्याच वेळी रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं, त्यामुळे फाटलेल्या जागी गुठळी धरते. दुसरीकडे तापामुळे नाडी पळत असते, हृदयाला जास्त प्राणवायू हवा असतो, आणि छाती भरल्यामुळे नेमका तोच कमी मिळत असतो. आधीच अरुंद झालेल्या रस्त्यावर एकाच दिवशी वाहतूक दुप्पट व्हावी आणि त्याच दिवशी कोणी तो खोदायलाही घ्यावा, तसं होतं. निरोगी धमन्यांचा माणूस यातून आठवडाभरात उठतो. स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, बसलेला, किंवा ज्याचं हृदय आधीच निम्म्या ताकदीने पंप करतंय असा माणूस कदाचित उठत नाही.

मग लस दिली तर हे टळतं का, हा खरा प्रश्न. संसर्ग वाईट आहे एवढ्यावरून प्रतिबंध उपयोगी पडेल असं गृहीत धरता येत नाही. वैद्यकात अशी कितीतरी सुंदर गृहीतकं चाचणीत आपटलेली आहेत.

सगळ्यात चांगली चाचणी स्वीडनमधून चालवली गेली. आठ देशांतली ३० रुग्णालयं, २०१६ ते २०२० हा काळ. बहुतेक पेशंट हार्ट अटॅक येऊन दाखल झालेले. ७२ तासांच्या आत, रुग्णालयातच, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करून एकाला इन्फ्लुएन्झाची लस आणि दुसऱ्याला नुसतं सलाइनचं इंजेक्शन दिलं. कोणाला काय मिळालं हे पेशंटला आणि त्याच्या डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. वर्षभरात मृत्यू, पुन्हा झटका किंवा स्टेंटमध्ये गुठळी यांपैकी काहीतरी झालेल्यांचं प्रमाण लस न मिळालेल्या गटात ७.२ टक्के होतं, लस मिळालेल्या गटात ५.३. नुसते मृत्यू पाहिले तर ४.९ टक्क्यांवरून २.९ टक्क्यांवर आले. ५० जणांना लस दिली आणि वर्षात एक जीव वाचला, असा हा हिशेब होतो. रोज, जन्मभर घ्यायच्या काही गोळ्यांचा हिशेब एवढा चांगला नसतो.

इथे मला थांबायचंय, कारण लसीच्या बाजूने बोलणारे नेमके इथेच घाई करतात. या चाचणीत ४,४०० माणसं घ्यायची ठरली होती. कोविड आला, चाचणी २,५७१ वरच थांबवावी लागली. नुसते पुन्हा आलेले झटके पाहिले तर २.४ आणि २.० टक्के, एवढ्या फरकावरून छातीठोकपणे काही म्हणता येत नाही. दुसरी मोठी चाचणी हृदय निकामी होत चाललेल्या ५,१२९ रुग्णांवर आशिया, मध्यपूर्व आणि आफ्रिकेतल्या दहा देशांत झाली, २०२२ मध्ये निकाल आला. तिचा मुख्य निकाल निराशाजनक होता : हृदयाच्या कारणाने मृत्यू, झटका किंवा पक्षाघात लस घेतलेल्यांत १४.८ टक्के, न घेतलेल्यांत १६. फरक इतका थोडा की तो योगायोगानेही पडू शकतो. मात्र न्यूमोनिया ४२ टक्क्यांनी कमी झाला, रुग्णालयात भरती व्हायची वेळ कमी आली, आणि फ्लू जोरात असलेल्या महिन्यांपुरतं पाहिलं तर हृदयाच्या घटनाही घटलेल्या दिसल्या. फ्लूच नसताना फ्लूची लस उपयोगी पडणार नाही, हे तसं सरळच आहे. पण मुख्य निकाल बाजूला सारून सोयीचा भाग तेवढा वाचायची सवय चांगली नाही, म्हणून दोन्ही सांगितलं. जास्त मात्रेची लस दिली तर हृदयरुग्णांना जास्त फायदा होतो का, हेही पाच हजारांहून अधिक जणांवर तपासलं गेलं. झाला नाही.

अशा सहा चाचण्या, मिळून ९,००१ माणसं, एकत्र केल्यावर चित्र असं येतं : लस घेतलेल्यांत हृदयाच्या गंभीर घटना ३.६ टक्के, न घेतलेल्यांत ५.४. ज्यांना नुकताच झटका येऊन गेलाय त्यांना फायदा सर्वांत जास्त, आणि ज्यांचा आजार स्थिरावलाय त्यांच्यात तो स्पष्ट दिसला नाही.

मग यावरून काय ठरवायचं? काही तज्ज्ञ म्हणतात, आणखी मोठी चाचणी होऊ दे. होऊ दे की. पण तोवर काय, हा प्रश्न पेशंटला रोज पडतो. एका पारड्यात वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन, दोन दिवस दुखणारा दंड, आणि लाखो डोसांमागे एखाद-दुसरी गंभीर गुंतागुंत. दुसऱ्या पारड्यात सहापट धोक्याचा एक आठवडा. अशा वेळी ‘पुरावा अजून परिपूर्ण नाही’ या वाक्याआड बसणं हीसुद्धा एक निवडच आहे, आणि तिची किंमत ती करणारा मोजत नाही. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या दोन मोठ्या संघटनांनी २००६ मध्येच हृदयरुग्णांना ही लस द्यावी असं सांगितलं होतं. युरोपातल्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ती सर्वोच्च दर्जाच्या शिफारशींत आहे, आणि २०२५ मध्ये त्यांनी आणखी पुढे जाऊन लसीकरणाला हृदयरोग-प्रतिबंधाचा चौथा आधारस्तंभ म्हटलं : रक्तदाबाची औषधं, कोलेस्टेरॉलची औषधं, मधुमेहाची औषधं आणि लस. खांब कागदावर उभा आहे. कार्डावर नाही.

बाकीच्या लसींबद्दल थोडक्यात. न्यूमोकोकसचा न्यूमोनिया होऊन दाखल झालेल्यांत हृदयाची गुंतागुंत इतकी वारंवार दिसते की ती अपवाद म्हणता येत नाही. न्यूमोनियानंतरच्या पहिल्या महिन्यात हृदयविकाराचा धोका चौपट असतो आणि तो पुढे काही वर्षं पूर्ण खाली येत नाही, असं एका मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. नागीण, म्हणजे कांजिण्यांचाच जुना विषाणू पुन्हा जागा होणं, हा नुसता त्वचेचा त्रास नाही. तो विषाणू मज्जातंतूंवरून मेंदूच्या धमन्यांपर्यंत पोहोचू शकतो, आणि नागिणीनंतर पक्षाघाताचा धोका काही काळ वाढतो. आरएसव्ही हा लहान बाळांचा म्हणून ओळखला जाणारा विषाणू म्हाताऱ्या हृदयालाही सोडत नाही. त्याच्या लसी २०२३ पासून आल्या. या तिन्हींबाबत संसर्गाचा धोका पक्का आहे. लसीने हृदयाचे मृत्यू घटतात याचा पुरावा बहुतांशी निरीक्षणातून आलेला, म्हणजे लस घेणारे आणि न घेणारे यांची नुसती तुलना करून. आणि लस आपणहून घेणारी माणसं बहुधा गोळ्याही वेळेवर घेतात, चालायलाही जातात. त्यांचं हृदय चांगलं राहिलं तर श्रेय कोणाला द्यायचं? म्हणून या लसी त्या-त्या आजारासाठी घ्याव्यात, हृदयाचा फायदा झाला तर तो वरचा. फ्लूच्या लसीबद्दल मी याहून ठाम बोलतोय, ते चाचण्यांमुळे.

आता कोविडची लस. हृदय आणि लस हे दोन शब्द एका वाक्यात आले की हल्ली ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तीच उभी राहते. ‘लस घेतल्यापासून तरणीताठी माणसं पटापट जायला लागली’ हे वाक्य मी इतक्या सुशिक्षित तोंडांतून ऐकलंय की त्याला हसण्यावारी नेणं परवडणारं नाही. त्यात सत्याचा एक कण आहे, आणि तो कण लपवल्यानेच अविश्वास वाढला असं माझं मत आहे.

कण असा. एमआरएनए प्रकारच्या लसींनंतर काही जणांना हृदयाच्या स्नायूचा दाह झाला. तो प्रामुख्याने किशोरवयीन आणि तरुण पुरुषांना, बहुधा दुसऱ्या डोसनंतर. अमेरिकेतल्या नोंदींत सर्वाधिक प्रमाण १६-१७ वर्षांच्या मुलग्यांमध्ये दिसलं : दहा लाख दुसऱ्या डोसांमागे सुमारे १०६. बहुतेक जण बरे झाले. ॲस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर फार क्वचित पण गंभीर अशा गुठळ्या झाल्या, आणि २०२१ मध्ये काही देशांनी तरुणांना ती देणं थांबवलं. हे दुष्परिणाम खरे आहेत, ते मान्य झाले आहेत, आणि त्यांवरून धोरणंही बदलली.

पण या कणावरून जो डोंगर उभा केला गेला तो वेगळाच. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या, स्टेंट बसवलेल्या माणसाच्या धोक्याचा त्या सोळा वर्षांच्या मुलाच्या धोक्याशी काही संबंध नाही. कोट्यवधी प्रौढांना काही महिन्यांत लस दिली गेली. त्याच महिन्यांत त्यांतल्या कित्येकांना, लस नसती तरी, झटका येणारच होता. कावळा बसला आणि फांदी मोडली. खरंच कावळ्याने मोडली का, हे तपासता येतं, आणि तपास झालेलाही आहे. इंग्लंडमधल्या सुमारे ४.५७ कोटी प्रौढांच्या नोंदी पाहून २०२४ मध्ये संशोधकांनी दाखवलं की लसीनंतरच्या आठवड्यांत हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण वाढलं नव्हतं, घटलं होतं. आणि वर सांगितलेले दुर्मीळ दुष्परिणाम त्याच नोंदींत स्पष्ट दिसत होते. म्हणजे वाईट ते दिसू शकेल अशी ती चाळणी होती. भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयोगटातल्या अचानक मृत्यूंचा ४७ रुग्णालयांतून अभ्यास केला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लसीने अशा मृत्यूचा धोका वाढल्याचं आढळलं नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. धोका वाढलेला दिसला तो पूर्वी कोविडसाठी रुग्णालयात राहिलेल्यांत, घरात आधी कोणाचा असा मृत्यू झालेल्यांत, बेसुमार दारू पिणाऱ्यांत, अचानक अतिश्रम करणाऱ्यांत.

आणि खुद्द कोविडने हृदयाचं काय केलं? स्वीडनमधल्या ८६,७४२ रुग्णांच्या अभ्यासात संसर्गानंतरच्या पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोका तिपटीच्या आसपास निघाला. त्या विषाणूला आपण विसरलो आणि सुईला धरून बसलो. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

या सगळ्या वादात एक गोष्ट मात्र नजरेआड होते. हृदयरुग्ण लस घेत नाहीत याचं मोठं कारण विरोध हे नाही. विरोध करणारे मोठ्याने बोलतात म्हणून ते जास्त वाटतात. लस न घेतलेल्या बहुतेकांना कोणी ‘घ्या’ असं म्हटलेलंच नसतं.

आणि म्हणणार कोण? हृदयरोगतज्ज्ञ म्हणतात, ‘‘लसीचं तुमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारा.’’ फॅमिली डॉक्टर फाइल बघतात, दोन स्टेंट दिसतात, आणि म्हणतात, ‘‘हार्टचं आहे, एकदा तुमच्या स्पेशालिस्टना विचारून घ्या.’’ या टोलवाटोलवीत थंडीचा हंगाम निघून जातो. कोणीच नकार दिलेला नसतो. दोघांचाही हेतू चांगला असतो. लहान मुलांच्या बाबतीत असं होत नाही, कारण तिथे लसीचं कार्ड असतं, तारखा असतात, आणि ते काम कोणाचं हे ठरलेलं असतं. माणूस मोठा झाला की ते कार्ड हरवतं आणि त्याबरोबर जबाबदारीही. हृदयरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात इकोचं यंत्र असतं, ट्रेडमिल असते. लस ठेवायला दोन ते आठ अंशांचा फ्रिज बहुधा नसतो. स्वीडनच्या चाचणीत मला सगळ्यात क्रांतिकारक वाटली ती लस नव्हे, तर ती दिली ती जागा. पेशंट पलंगावर आहे, घाबरलेला आहे, ऐकायच्या मनःस्थितीत आहे, नर्स शेजारी आहे. तिथेच दिली. ‘बाहेर जाऊन कुठेतरी घ्या’ हा टप्पाच काढून टाकला.

सांगितल्याने फरक पडतो, हेही मोजलेलं आहे. डेन्मार्कमध्ये २०२२-२३ च्या हंगामात ६५ वर्षांवरच्या ९,६४,८७० लोकांना नऊ वेगवेगळ्या मजकुरांची सरकारी ई-पत्रं पाठवून पाहिली. ज्या पत्रात ‘या लसीने हृदयाचंही रक्षण होऊ शकतं’ असं म्हटलं होतं, ते सर्वाधिक परिणामकारक ठरलं. वाढ एका टक्क्याहून कमी होती, पण तिथे आधीच शंभरातले ऐंशी लस घेत होते. वर चढायला जागाच थोडी. पुढच्या वर्षी हाच प्रयोग जुनाट आजार असलेल्या, पण ६५ च्या आतल्या लोकांवर केला. पत्र न आलेल्यांत २७.९ टक्के लोकांनी लस घेतली, पत्र आलेल्यांत ३९.६ टक्के. नुसत्या पत्राने! त्या बारा टक्क्यांचा लसीला विरोध नव्हता. त्यांना कोणी विचारलं नव्हतं एवढंच.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी किंवा हृदय निकामी होण्यासाठी दाखल झालेल्या प्रत्येकाच्या डिस्चार्ज कार्डावर लसीची ओळ छापलेलीच असावी : दिली का, कोणत्या तारखेला, दिली नसेल तर का नाही. खाली हृदयरोगतज्ज्ञाची सही. रिकामी जागा दिसली की ती भरावी लागते, हा कागदाचा गुण आपण इतर सगळ्या बाबतींत वापरतो. ‘पेशंटला सांगितलं होतं’ हे पुरेसं नाही, कारण ‘सांगितलं’ म्हणजे बहुधा ‘हरकत नाही’ असतं.

ज्या अडचणी पुढे केल्या जातात त्यांतल्या बऱ्याच लहान आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत? बारीक सुई वापरायची आणि नंतर न चोळता किमान दोन मिनिटं दाबून धरायचं. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याने आधी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी, मर्यादेत आहे ना एवढं पाहायचं. गोळी स्वतःहून बंद करायची नाही. लसीसाठी गोळी थांबवली आणि स्टेंट बंद पडला, असा उफराटा प्रकार नको. इंजेक्शनातल्या लसीने फ्लू होतो हा समज जुना आहे आणि खोटा आहे, त्यात जिवंत विषाणू नसतो. नाकात फवारायची जिवंत विषाणूची लस वेगळी, हृदयरुग्णाने इंजेक्शनच घ्यावं. अंगात सडकून ताप असेल तर तो उतरेपर्यंत थांबावं. आधीच्या डोसला गंभीर ॲलर्जी झाली असेल तर ती डॉक्टरांना सांगावी, तिथे खरोखरच हरकत असू शकते. आणि लस अंगी लागायला साधारण दोन आठवडे जातात, तेव्हा साथ दारात आल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही.

दर वर्षी का, हा प्रश्न पेशंट विचारतात आणि तो रास्त आहे. विषाणू रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा, दोन्ही गोलार्धांसाठी वेगवेगळे, बसून पुढच्या लसीत काय घालायचं ते ठरवतात. (कधीकधी काढतातही. ‘बी यामागाता’ हा एक वंश मार्च २०२० नंतर जगात कुठेच खात्रीने सापडलेला नाही, आणि चार घटकांची लस पुन्हा तीन घटकांवर आली. कोविडच्या काळात आपण तोंड झाकून घरी बसलो त्यात एक विषाणू बहुधा कायमचा संपला, ही गोष्ट जेवढी सांगितली जायला हवी तेवढी सांगितली जात नाही.) अंदाज कधी चुकतो. जमला तरी लस फ्लूला पूर्ण अडवत नाही. चांगल्या वर्षी साधारण ४० ते ६० टक्के, वयस्करांत त्याहून कमी. ब्लडप्रेशरची गोळीही प्रत्येक पक्षाघात टाळत नाही, आणि त्यावरून ती कोणी सोडत नाही. लस घेतली म्हणून मात्र गोळ्यांत सूट मिळत नाही. कार्डावरची बाकीची प्रत्येक ओळ जिथल्या तिथे राहते.

राहता राहिली पेशंटच्या आसपासची माणसं. स्टेंट बसवून घरी आलेला माणूस पहिले काही आठवडे फारसा बाहेर पडत नाही. त्याच्यापर्यंत फ्लू चालत येतो तो घरच्यांबरोबर : शाळेतून येणाऱ्या नातवाबरोबर, कामावरून परतणाऱ्या मुलाबरोबर, आणि जी त्याच्या गोळ्या वेळेवर काढून देते तिच्याबरोबर. त्यामुळे निघता निघता मुलीने तो प्रश्न विचारला की मला डॉक्टरांकडून वेगळं उत्तर ऐकायचंय. त्यांनी पेन खाली ठेवावं, मान वर करावी आणि म्हणावं, ‘‘बाबांना कालच दिली, कार्डावर तारीख आहे बघा. तुम्ही घेतलीत का?’’